अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी

कासारवेढ्यात सभेची वेळ पाच असली की लोक साडेपाचला येत. याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. पतसंस्था असो, सोसायटी असो की प्रभागाची सभा असो, प्रत्येक सूचनेच्या तळाशी एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या छापून येत होतं: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.’ म्हणजे पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावलेली असते आणि खरी सभा दुसरी, हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. मग पाचला जाऊन रिकाम्या खुर्च्यांची राखण कोण करणार?

पुढे ‘कौल’ आला आणि साडेपाचला येणारेही घरी बसले.

कौलमागची कल्पना तशी सरळ होती. माणसाला मत विचारलं की तो खरं सांगतोच असं नाही. चारचौघांत शोभेल ते सांगतो, कधी विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगतो. त्याचं वागणं मात्र खोटं बोलत नाही. तो कोणत्या रस्त्याने जातो, कुठला टाळतो, पाणी कधी भरतो, दिवे कधी घालवतो, बसमध्ये कुठे चढतो, फोनवर आणि फोनमधल्या मदतनिसाशी काय बोलतो, हे सगळं आधीच कुठे ना कुठे नोंदलं जात होतं. संशोधकांनी या नोंदी एकत्र केल्या आणि त्यातून प्रत्येक मतदाराची एक संगणकी प्रतिकृती उभी केली. तिला नाव दिलं मतछाया. ‘तुमच्या गल्लीत आधी गटार हवं की दिवे?’ असं छायेला विचारायचं आणि तो माणूस जे म्हणाला असता ते ती सांगायची. काही गावांत माणसांना आणि त्यांच्या छायांना वेगवेगळं विचारून पाहिलं, तर दहांतल्या नऊ जणांची उत्तरं जुळली. दहाव्याला स्वतःचंच मन ठाऊक नसतं, असं संशोधकांचं म्हणणं पडलं.

छायेचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं. तिला सहनकाल म्हणत. गैरसोय सुरू झाल्यापासून माणूस तक्रार करेपर्यंत जो काळ जातो, तो सहनकाल. तो जितका कमी, तितकी ती गोष्ट माणसाला महत्त्वाची. जितका जास्त, तितकं त्याला तिच्यावाचून चालतं. यात खोट काढणं अवघड होतं. फक्त कासारवेढ्याच्या प्रभाग नऊमध्ये सहनकाल मोजता मोजता यंत्र थकलं. पाणी दिवसाआड झालं तेव्हा तिथल्या लोकांनी मोठ्या टाक्या बसवल्या. रस्त्यावरचे दिवे गेले तेव्हा आपापल्या दारात बल्ब लावले. कचरागाडी यायची बंद झाली तेव्हा आळीपाळीने एकमेकांचा कचरा नाक्यावर नेऊन टाकू लागले. तक्रार कुणी केली नाही. ‘कुणाच्या नादी लागायचं?’ आणि ‘आपलं आपण बघितलेलं बरं’ ही तिथली दोन मोठी तत्त्वज्ञानं होती. यंत्राने नोंद केली: नागरिक समाधानी.

मग कायदा झाला. नगरसेवकाने सभागृहात कौलाप्रमाणेच हात वर करायचा. अपवाद एकच ठेवला होता. प्रभागसभेत पन्नास मतदार सदेह हजर असले तर त्यांचं बहुमत कौलाच्या वर, आणि अशा भरलेल्या सभेत कुठलाही जुना निर्णयसुद्धा पुन्हा काढता येई. पन्नास भरले नाहीत तर सभा तहकूब, आणि तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी. पण आता त्या दुसऱ्या सभेत माणसांच्या जागी कौल धरायचा. सूचनेच्या तळाचं वाक्य तेवढं शेवटी बदललं. ते शेवटपर्यंत कुणी वाचलं नाही, कारण ते सगळ्यांना पाठ होतं.

उज्ज्वला हेरवाडकरचा या सगळ्याशी संबंध आला तो एका शुक्रवारी, पालिकेच्या डायलिसिस कक्षात.

कक्ष म्हणजे जुन्या जकात नाक्याच्या आवारातली पत्र्याच्या छपराची एक खोली आणि तीन खुर्च्या. उज्ज्वलाचा नवरा दिगंबर हा हायस्कूलचा निवृत्त पी.टी. शिक्षक. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो इथल्या खुर्चीत हाताला नळ्या लावून बसे आणि मशीन त्याचं रक्त धुऊन त्याला परत देई. दोन खेपा चुकल्या की अंगात पाणी साठायचं, श्वास लागायचा. घर पाच मिनिटांवर होतं. उज्ज्वलाचं घराच्या ओट्यावर पिको-फॉलचं दुकान होतं. ती सोबत एखादी साडी घेऊन येई आणि त्याच्याशेजारी बसून हाताने फॉल लावत राही.

फोन वाजला. तिने दोऱ्याचं टोक दातात धरून वाचलं: ‘डायलिसिस कक्षाच्या जागी वाहनतळ व चार्जिंग केंद्र. प्रभाग नऊचा प्राथमिक कौल अनुकूल. रुग्णांची सोय जिल्हा केंद्रात. आपल्या मताबद्दल आभार.’

तिने कसलंच मत दिलं नव्हतं. तिने ते पुन्हा वाचलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

दिगंबरने चष्मा वर करून वाचलं. "चालायचंच," तो म्हणाला आणि पेपरातल्या खेळाच्या पानाकडे वळला.

जिल्हा केंद्र घाटापलीकडे होतं, बसने दोन तास.

---

नगरसेविका शशिकला भोकरे ही उज्ज्वलाची शाळेतली मैत्रीण. दोनदा निवडून आलेली. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत भेटायला येणाऱ्यांसाठी बारा खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांवर धूळ बसू नये म्हणून जुन्या चादरी टाकलेल्या होत्या. उज्ज्वला गेली तेव्हा शशिकला मटार सोलत होती.

"अगं बया, माणूस आलं!" ती उठलीच. "कुणी गेलं बिलं का?"

"कुणी गेलं तरच यायचं का तुझ्याकडं?"

"तसंच झालंय की. पहिल्या खेपेला निवडून आले तेव्हा सकाळी दात घासू देत नव्हती माणसं. नळ, गटार, पोराचा दाखला. शिव्या घालायची, पण यायची. आता कौल सगळं सांगतो म्हणे. मी आपली हात वर करते आणि घरी येते." तिने एका खुर्चीवरची चादर काढली. "बस. चहा टाकते."

उज्ज्वलाने फोन पुढे केला. शशिकलाने मान हलवली. तिला विषय माहीत होता. सराफ कट्ट्यावर येणाऱ्या मोटारी जागा शोधत चकरा मारत, प्रत्येक चकरेला त्यांचे मालक करवादत, आणि मोटारी ते सगळं इमानदारीने कौलला कळवत. त्यांचा सहनकाल मिनिटांत मोजण्याइतका होता. डायलिसिसवाल्या तिघांनी मात्र कधी चकार शब्द काढला नव्हता.

"काय काढायचा?" उज्ज्वला म्हणाली. "पंखा बंद पडला तेव्हा मी घरचा नेला. मशीन बिघडलं तेव्हा गाडी करून जिल्ह्याला नेलं यांना. कुणाला त्रास दिला नाही आम्ही."

"तेच लिहिलंय त्यात." रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून उज्ज्वलाचं नाव होतं, त्यामुळे घरातल्या छाया तिला पाहता येत. शशिकलाने कसं पाहायचं ते दाखवलं. उज्ज्वला हेरवाडकर: स्थलांतरास हरकत नाही. खात्री मध्यम. खाली दुसरी ओळ होती. दिगंबर हेरवाडकर: स्थलांतरास हरकत नाही. खात्री अत्युच्च.

"हे चुकीचं आहे," उज्ज्वला म्हणाली.

शशिकलाने मटाराच्या शेंगा उगीच एका बाजूला सारल्या.

"तू विरोधात हात वर कर की."

"केला तर मत बाद होतं, उज्जे. माझ्यासमोर पन्नास माणसं बसली तरच मला तोंड आहे. पहिल्या शनिवारी सभा आहे. पन्नास माणसं आण. आणि पाचला आण हं, साडेपाचला नको. साडेपाचला माझी नाही, त्या यंत्राची सभा असते."

---

घरी दिगंबर ओट्यावर पायाच्या व्यायामाचे हात करत होता, म्हणजे हाताने पाय उचलून ठेवत होता. उज्ज्वलाने चप्पल काढायच्या आधी विचारलं.

"तुम्हाला इथला कक्ष गेला तरी चालेल?"

"कोण म्हणतं?"

"तुमची छाया म्हणते. एकदम खात्रीनं म्हणते. काय बोललात तुम्ही? कुणाशी बोललात?"

त्याने पाय खाली ठेवला. मग म्हणाला, "भावाशी बोललो होतो फोनवर. दोन-चारदा. म्हटलं, हिचं आयुष्य त्या खुर्चीशेजारी चाललंय. जिल्ह्याला जायची वेळ आली तर एक दिवस मीच नको म्हणेन. म्हणजे सुटेल बिचारी."

उज्ज्वलाला इतका राग आला की डोळ्यांत पाणी यायलाही जागा उरली नाही. चार वर्षं ती या माणसाचं पाणी मापून देत होती, त्याच्या ताटातलं मीठ राखत होती, आणि तिच्या सुटकेचा विचार तिला सोडून सगळ्यांना माहीत होता. यंत्रालासुद्धा.

"मला विचारलंत? मला सुटायचंय का ते?"

"मनात येतं गं," तो म्हणाला. "माणसाच्या मनात काय काय येतं. संध्याकाळी अंग जड झालं की येतं आणि सकाळी चहा घेतला की जातं. यंत्रानं संध्याकाळचं धरलं."

"मग सकाळचं कुणी सांगायचं?"

पोरांना शिस्त लावण्यात आयुष्य गेलेला माणूस, उलट उत्तर न ऐकण्याची त्याला सवय होती. उज्ज्वला आत गेली आणि कुकरची शिट्टी नेहमीपेक्षा जोरात बसवली.

---

पुढचे पंधरा दिवस ती दारोदार फिरली. मत मागायला उमेदवार फिरतात तशी फिरली, पण तिला हात जोडायचं जमत नव्हतं. ती तयार झालेल्या साड्या घेऊन जायची आणि साडी देता देता विषय काढायची.

प्रभागात निम्म्याहून जास्त लोक हेरवाडकर सरांचे विद्यार्थी. सर घंटा झाली की शाळेचं गेट स्वतः लावत, आणि मागून येणाऱ्याला, तो सराफाचा मुलगा असो की सुताराचा, मैदानाला तीन फेऱ्या पडत. हे सगळे आता पोक्त झाले होते आणि त्या फेऱ्या त्यांना शाळेतल्या सगळ्यात सुखाच्या आठवणी वाटत.

"सर म्हणजे देवमाणूस," इरफान शिकलगार म्हणाला. त्याचं बॅटरीवरच्या दुचाकी दुरुस्तीचं दुकान होतं. "येणार म्हणजे येणारच, काकी. पाचला म्हणजे साडेपाचला ना?"

"पाचला रे बाबा. साडेपाचला काही उपयोग नाही. नवीन नियम आहे."

"हो हो. पाचला." त्याने हसून मान डोलावली. कासारवेढ्यात पाचला म्हणणाऱ्याकडे बघून असंच हसायची पद्धत होती.

सराफ कट्ट्यावरच्या पोतदार वहिनी तेवढ्या खरं बोलल्या. "हे बघा, रागावू नका. वाहनतळ आम्हाला हवाच आहे. गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून परत जातं. पण सरांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही."

"मग तसं सभेत येऊन सांगा."

"अगंबाई, सभेत? मी नाही बाई. कौल सांगतो ना."

नाही असं कुणीच म्हटलं नाही. उज्ज्वलाने मोजलं तर नव्वदच्या वर लोकांनी येतो म्हटलं होतं. तिने ते दिगंबरला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." पण शनिवारी त्याने इस्त्रीचा सदरा घातला, आणि साडेचारलाच दोघं पालिका शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसले.

पाचला पाच कमी असताना हॉलमध्ये अकरा माणसं होती. दारावरचा, आतली माणसं मोजणारा डोळा अजून लाल होता. लिपिक बागवान पडद्याजवळ बसून घड्याळाकडे बघत होता.

शशिकलाने तिला जमेल ते केलं. तिने पाणी मागवलं. चष्मा पर्समध्ये असताना टेबलाखाली शोधला. मागच्या सभेचा वृत्तांत मोठ्याने वाचायला घेतला, तो दोन ओळींचा होता, तो तिने दोनदा वाचला. उज्ज्वला दारात जाऊन रस्त्याकडे बघत होती. समोर इरफानच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आत तो आरशात भांग पाडताना दिसत होता. तिने हाक मारली. त्याने हात वर करून ‘आलोच’ अशी खूण केली.

पाचचा टोला पडला. पडद्यावर अक्षरं आली: उपस्थिती सतरा. सभा तहकूब.

"बागवान, थोडं थांबा की," शशिकला म्हणाली.

"मॅडम, माझ्या हातात असतं तर मी थांबलो नसतो का?" बागवान म्हणाला. ते खरं होतं.

सव्वापाचपासून माणसं यायला लागली. धुतलेले कपडे, कपाळाला गंध, बायकांच्या केसांत गजरे. पंचवीस झाली, चाळीस झाली, खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. इतकी माणसं त्या हॉलने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सगळे खुशीत होते. ‘सर, आलो बघा,’ म्हणत एकेक जण पाया पडायला वाकत होता. साडेपाचला पडद्यावर दुसरी ओळ आली: कौल ग्राह्य. विषय मंजूर. सभा समाप्त.

"म्हणजे?" इरफानने विचारलं. "आता सुरू होणार ना?"

दिगंबर खुर्चीला धरून उभा राहिला. त्याने हॉलभर नजर फिरवली. प्रत्येक चेहरा त्याला नावानिशी आठवत होता.

"गेट बंद झालं रे," तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं, असं नंतर बऱ्याच जणांनी एकमेकांना सांगितलं.

---

महिन्याभरात तीन खुर्च्या गेल्या. पत्र्याचं छप्पर उतरलं आणि जागेवर पांढऱ्या रेघा आल्या. जिल्हा केंद्रात दिगंबरला वार मिळाले मंगळवार, गुरुवार आणि शनिवार.

सकाळी निघायचं, घाट चढायचा, चार तास मशीनवर, आणि परतीची बस. डायलिसिस झाल्यावर त्याचा रक्तदाब उतरायचा. एकदा स्टँडवर तो बसल्या जागी कलंडला आणि उज्ज्वलाने त्याला मांडीवर घेऊन लोकांकडे पाणी मागितलं. दुकान आठवड्यातून तीन दिवस बंद राहू लागलं. फॉलला आलेल्या साड्या बायका परत नेऊ लागल्या, तिच्यावर रागावून नव्हे, तिला त्रास नको म्हणून.

पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी प्रभागसभेला तिला जाता येणार नव्हतंच. बस घाटात असताना तिचा फोन वाजला. ‘जिल्हा केंद्रातील सेवेबाबत आपला कौल नोंदवला: समाधानी. आपल्या मताबद्दल आभार.’

ती महिनाभर न चुकता जात होती, वेळेवर जात होती आणि तक्रार करत नव्हती. यंत्राचा हिशेब बरोबर होता.

तिने फोन दिगंबरच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत रडली. आवाज न करता रडली, कारण पुढच्या सीटवर एक बाई झोपली होती.

दिगंबरने वाचलं. मग त्याने फोन तिच्या पिशवीत नीट ठेवला आणि पिशवीचा बंद ओढला.

"पुढच्या सभेला तू जा," तो म्हणाला. "इकडं मी एकटा येईन."

"वेड लागलंय का? चक्कर आली म्हणजे?"

"आली तर बसेन खाली."

"इरफानला पाठवते सोबत. नाहीतर बागवानांचा मुलगा..."

"कुणी नको. एक माणूस कमी पडला तर?" त्याने तिच्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत त्याचा आवाज असा मैदानावरचा निघाला नव्हता. "माझी छाया म्हणते मला चालेल. मला चालत नाही, उज्ज्वला. मला घराजवळची खुर्ची पाहिजे. आणखी दहा वर्षं पाहिजे. हे मला तिथं येऊन सांगता येत नाही, तर तू सांग. सकाळचं तू सांग."

बस घाट उतरू लागली तेव्हा त्याने पुन्हा तोंड उघडलं.

"आणि वेळेवर जा."

---

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठच्या सुमारास उज्ज्वलाने त्याला जिल्ह्याच्या बसमध्ये बसवलं. कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या माणसाला सांगितलं, ड्रायव्हरलाही सांगितलं. दिगंबरला सांगितलं की मशीनवरून उतरून परतीच्या गाडीत बसलात की मिस्ड कॉल द्या. हे सगळं साडेचारच्या आत व्हायला हवं होतं.

साडेचारला ती हॉलमध्ये होती. फोन मुठीत होता आणि तो वाजला नव्हता.

दारात इरफान उभा होता. सरांनी आदल्या दिवशी त्याला बोलावून आपली पितळी शिट्टी दिली होती, दुसरं काही बोलले नव्हते. पावणेपाचला त्याने ती रस्त्याकडे तोंड करून अशी फुंकली की भाजी घेणाऱ्या दोन गृहस्थांनी सवयीने पावलं उचलली. माणसं येत होती. काही धावत येत होती. मागच्या खेपेचे सगळेच आले नव्हते. लाज वाटून काही घरी राहिले, काहींना वाटलं आता काय उपयोग. पडद्यावर आकडा चढत गेला आणि पाचला तीन कमी असताना एकोणपन्नासवर येऊन थांबला.

इरफान रस्त्यावर उतरला. पोतदार वहिनी दुकानातून घरी चालल्या होत्या. त्यांना त्याने अडवलं.

"मी आत आले तर विरोधात बोलेन हं," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाहनतळ हवाय."

"बोला की, वहिनी. बोलायलाच तर बोलावतोय."

त्या आत आल्या आणि दारावरचा डोळा हिरवा झाला. पाचचा टोला पडला. पडद्यावर अक्षरं आली: उपस्थिती पन्नास. गणसंख्या पूर्ण.

बागवान पडद्याकडे बघत होता, पडद्यावर पुढे काही येत नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "आता काय करायचं असतं?"

"आता बोलायचं असतं," शशिकला म्हणाली. "सांगा. कोण बोलतंय?"

फोन अजून वाजला नव्हता. उज्ज्वलाला दारात जाऊन केंद्राला फोन लावायचा होता. ती अर्धवट उठलीसुद्धा, आणि तिची नजर दारावरच्या डोळ्याकडे गेली. ती बाहेर गेली की आत एकोणपन्नास उरत होते. स्टँडवरची ती फरशी तिला दिसत होती, जिच्यावर तो कलंडला होता. इकडे सगळे तिच्याकडे बघत होते, कारण ती उठली होती आणि उठलेला माणूस बोलणार असं त्यांना वाटलं होतं.

बागवानने नियमाप्रमाणे तिचं नाव पडद्यावर आणलं. उज्ज्वला हेरवाडकर, मुक्काम प्रभाग नऊ. जिल्हा केंद्रातील सेवेबाबत: समाधानी. खात्री उच्च.

ती पूर्ण उभी राहिली.

"मी समाधानी नाही," ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला म्हणून तिने घसा साफ केला आणि तेच पुन्हा म्हणाली. यंत्राने काही हरकत घेतली नाही. शशिकला पुढे वाकून ऐकत होती. पोतदार वहिनींनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

उज्ज्वलाच्या मुठीत फोन एकदा वाजला आणि बंद झाला. तिने तो पाहिला नाही. मूठ तशीच घट्ट ठेवून ती बोलत राहिली, कारण तिला दोघांचं सांगायचं होतं.